काजव्याची साक्ष

मावशीच्या गोळ्यांचा डबा निळा आहे, प्लास्टिकचा, सात कप्प्यांचा, प्रत्येक झाकणावर वार लिहिलेला. फोंड्याच्या बाजारातून तिनेच घासाघीस करून आणला. रविवारी तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावून झाला की ती सोप्यावर बसते आणि आठवड्याच्या गोळ्या भरते. मी म्हार्दोळला तिच्याकडे गेलेली असले की ते काम माझ्याकडे. "गोळ्यांतलं तुला कळतं ना गे बाय? मग भर तूच."

गोळ्यांतलं मला कळतं, असा आमच्या घरात समज आहे. वेर्ण्याच्या पठारावर एका कंपनीत अकरा वर्षं मी रेणू तपासायचं काम केलं. रसायनवाले रेणू बनवायचे आणि तो काही काम करतो का, हे आमचा विभाग बघायचा. माझ्या हाताखालून काही हजार रेणू गेले असतील. त्यांतला एकही औषधाच्या दुकानापर्यंत पोचला नाही. ही तक्रार नव्हे, या धंद्यात बहुतेकांचं असंच होतं. पण नातेवाइकांना ते पटत नाही. "मग तू केलेली गोळी कुठली?" याला उत्तर आलं नाही की विचारणारा कानकोंडा होतो आणि वाटीत आणखी सोलकढी ओततो.

तर डबा. पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. न्याहारीनंतर, तेव्हा, लेट्रोझोल, अडीच मिलिग्रॅम, पिवळी. रात्री कोलेस्टेरॉलची, म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिन. आणि रविवारच्या कप्प्यात ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल, ६०,००० युनिटांची. भरता भरता एकदा लक्षात आलं की या चौघीही माझ्या जुन्या वाड्यावरच्या. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व ही शरीरात थोडं रूप पालटून पेशीच्या केंद्रकातल्या आपापल्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप धरणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतात. लेट्रोझोल आणि स्टॅटिन एकेका एन्झाइमची, म्हणजे शरीरातली रसायनं घडवणाऱ्या प्रथिनाची, वाट अडवतात. मी अकरा वर्षं याच दोन दारांशी बसून होते.

केंद्रकातले रिसेप्टर समजावून सांगायला मला आमची जुनी घरंच सोयीची पडतात. बहुतेक संप्रेरकं आणि निरोप पेशीच्या बाहेरच थांबतात, फाटकातून "कोण आहे का घरात?" म्हणून हाक मारतात आणि आतली माणसं पुढचं बघतात. इस्ट्रोजेन, कॉर्टिसोल, थायरॉइड, ड जीवनसत्त्व ही मंडळी तशी नाहीत. ती चरबीत विरघळणारी, अंगाने लहान. मागीलदाराने आत शिरतात आणि थेट चुलीपाशी जाऊन आज काय शिजवायचं ते सांगतात. त्यांचा रिसेप्टर डीएनएवर बसतो आणि कुठली जनुकं चालू, कुठली बंद, ते ठरवतो. माणसात असे ४८ रिसेप्टर आहेत, एकाच घराण्यातले. घराण्यातल्या काहींचा पाहुणा कोण, हे अजून नीटसं कळलेलं नाही.

हे मागीलदार सापडलं त्याचीही गंमत आहे. १९५० च्या दशकात समजूत अशी होती की इस्ट्रोजेनवर एन्झाइमची काही प्रक्रिया होते आणि त्यातून काम घडतं. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्राडायॉलला, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेनला, किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावली आणि ते उंदरांच्या माद्यांत कुठे जातं याचा माग काढला. ते गर्भाशयात जाऊन साचलं आणि जसंच्या तसं राहिलं. कोणी त्याला तोडलं नव्हतं, बदललं नव्हतं, कोणी तरी नुसतं धरून ठेवलं होतं. हा धरून ठेवणारा म्हणजे रिसेप्टर.

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा हेच धरणं कागदावर होतं. "ईआर पॉझिटिव्ह, आठपैकी सात." ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. मावशी कागद हातात धरून बसली होती. करोनाच्या दिवसांपासून पॉझिटिव्ह या शब्दाचा तिने धसका घेतलेला. "वायट न्हय?" तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, "मावशी, यातल्या त्यात हेच बरं." काचपट्टीवर त्या पेशींची केंद्रकं तपकिरी दिसली असणार. तपकिरी म्हणजे रिसेप्टर हजर, म्हणजे गाठ इस्ट्रोजेनच्या जिवावर वाढते आहे, म्हणजे तिला उपाशी ठेवता येईल. माझं म्हणणं तिला कितपत कळलं कोण जाणे. त्या दिवशी तिने भात मात्र पोटभर खाल्ला.

उपाशी ठेवायच्या वाटा दोन. चुलीपाशी खोटा पाहुणा बसवायचा, किंवा खरा पाहुणा घडवणारी भट्टीच बंद करायची.

पहिल्या वाटेवरचं नाव टॅमॉक्सिफेन. १९६२ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी तो रेणू बनवला तेव्हा कर्करोग कोणाच्या डोक्यात नव्हता. हवी होती संबंधानंतर घ्यायची गर्भनिरोधक गोळी. उंदरांच्या माद्यांना दिली, गर्भ राहिला नाही. सगळे खूश. मग बायकांना देऊन पाहिली तर उलटंच, बीज सुटायला मदतच व्हायला लागली. म्हणजे पाळणा थांबवणारी गोळी पाळणा हलवू लागली. माझ्या सरांना ही गोष्ट सांगायला फार आवडायची, आणि सांगून झाली की ते म्हणायचे, "उंदीर खोटं बोलला नाही हो. त्याने उंदराचं सांगितलं." रेणू अडगळीत जायचा तो कर्करोगाकडे वळवला गेला. १९७१ साली मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलातून पहिला अहवाल आला. छातीचा कर्करोग पुढे गेलेल्या ४६ बायका, त्यांतल्या दहा जणींना उतार. १९७३ मध्ये ब्रिटनने औषधाला परवानगी दिली.

तो खोटा पाहुणा नेमकं करतो काय, ते दिसायला पुढे चोवीस वर्षं लागली. १९९७ मध्ये यॉर्कच्या शास्त्रज्ञांनी इस्ट्रोजेन रिसेप्टरची स्फटिकातली आकृती छापली. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा एम.एस्सी.ला होते आणि कितीतरी वेळ नुसती फिरवून फिरवून बघत बसले होते. आत एक पोकळी, इस्ट्राडायॉलच्या जवळजवळ दुप्पट. इस्ट्राडायॉल आत बसलं की रिसेप्टरचं बारावं वेटोळं पेटीच्या झाकणासारखं वरून मिटतं. झाकण मिटलं की त्यावर मदतनीस प्रथिनं येऊन बसतात आणि जनुकं चालू होतात. त्याच लेखात रॅलॉक्सिफेन होतं, टॅमॉक्सिफेनची बहीणच म्हणा. तिला एक लांब हात आहे. ती आत बसते खरी, पण तो हात पेटीबाहेर राहतो आणि झाकण मिटत नाही. तांदळाच्या पेटीत पळी आडवी राहिली की होतं, तसं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर आमचा धंदा सोपा होता. पण टॅमॉक्सिफेन छातीत इस्ट्रोजेनला अडवतं आणि हाडांत, गर्भाशयात स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. पेटी तीच, हात तोच. फरक बाहेर उभ्या असलेल्या मदतनिसांचा, जे दर अवयवात वेगळे. म्हणून ते हाडं सांभाळतं आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढवतं. त्यात पुन्हा टॅमॉक्सिफेन स्वतः तसं दुबळंच. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं एंडॉक्सिफेन करतं आणि खरी पकड त्याची. ते एन्झाइम ज्यांच्यात मंद, त्यांच्या रक्तात एंडॉक्सिफेन कमी. म्हणजे रिसेप्टरचं औषध एन्झाइमच्या दारातून जातं. आमच्याकडे हे दोन विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर होते आणि त्यांच्यात चहाच्या मशीनवरून भांडणं.

टॅमॉक्सिफेन गर्भनिरोधक म्हणून नापास झालं, पण त्याच घराण्यातला एक रेणू आपल्याकडे त्याच परीक्षेत पास झाला. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेलं सेंटक्रोमन. १९९० च्या सुमारास ते 'सहेली' नावाने बाजारात आलं आणि २०१६ पासून सरकारी कुटुंबनियोजनात 'छाया' नावाने मिळतं. पहिले तीन महिने आठवड्याला दोनदा, मग आठवड्याला एक गोळी. हीसुद्धा इस्ट्रोजेनच्या पेटीतली आडवी पळीच. गोव्यातल्या किती बायकांनी ती घेतली असेल आणि त्यांतल्या कितीजणींना ती लखनौची आहे हे ठाऊक असेल? परदेशी औषधांच्या जन्मकथा आम्हाला पाठ होत्या. हिची मला नोकरी लागल्यावर चौथ्या वर्षी कळली, तीही कँटीनमध्ये.

आता माझी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

आमचा रिसेप्टर दुसरा होता, मधुमेहातला, पीपार-गामा. इस्ट्रोजेनची पोकळी म्हणजे बेताची खोली. पीपार-गामाची म्हणजे राजांगण असलेलं घर, प्रशस्त. शरीरातली मेदाम्लं तिथे येऊन टेकतात. त्यामुळे जरा तेलकट आणि लांबट असलेला कुठलाही रेणू आत कुठे ना कुठे बसतो. आमच्या मालिकेतल्या रेणूंची हीच खोड, सगळे तेलकट. पाण्यात विरघळायला तयार नाहीत. म्हणून ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात ठेवायचे. त्याची तऱ्हा अशी की साडेअठरा अंशांखाली ते गोठतं, आणि उघडं राहिलं की हवेतलं पाणी पितं. वेर्ण्याचं पठार, जुलै महिना, धुकं खिडकीला टेकलेलं. अशा दिवशी प्लेटचं झाकण दहा मिनिटं निघालं तरी द्रावकात पाणी शिरायचं आणि रेणू तळाशी पांढरा चुरा होऊन बसायचा. पावसाळ्यातले आमचे आकडे उन्हाळ्यातल्या आकड्यांशी जुळत नव्हते, हे कळायला एक अख्खं वर्ष गेलं. ज्या हैदराबादच्या मित्राला मी हे सांगितलं तो खदाखदा हसला. त्याला पाऊस काय माहीत.

रिसेप्टर जागा झाला की नाही, हे कसं कळणार? तो डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी काजवा. पेशीत रिसेप्टर घालायचा आणि सोबत काजव्याच्या लुसिफरेज या एन्झाइमचं जनुक, अशा बेताने की रिसेप्टर जागा झाला तरच लुसिफरेज तयार व्हावं. वर रेणू टाकायचा. दुसऱ्या दिवशी पेशी फोडून काजव्याचं इंधन घालायचं आणि ९६ खड्ड्यांची प्लेट मशीनमध्ये सरकवायची. ज्या खड्ड्यात उजेड, तिथे रिसेप्टर जागा. हा काजवा अमेरिकेतला. तिथल्या विल्यम मॅकएलरॉय यांनी १९४० च्या दशकात त्याचं रसायन उलगडलं, आणि त्यासाठी लागणारे काजवे ते गावातल्या पोरांना पैसे देऊन पकडून आणवायचे. मला या पोरांचा अजून हेवा वाटतो. मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या तोंडावर, मावशीच्या परसातलं चिंचेचं झाड काजव्यांनी भरायचं. मावशी म्हणायची काजुले. आम्ही ते फुकट पकडायचो आणि मावशी सोडून द्यायला लावायची.

एका मंगळवारी मशीनच्या पडद्यावर आमच्या मालिकेतला एक रेणू असा उजळला की मला आधी वाटलं, आकडा चुकून छापला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. डोस वाढवत नेला तसा उजेड चढत गेला, अगदी पुस्तकातल्यासारखा. मी सरांकडे धावले आणि संध्याकाळपर्यंत मडगावहून पेढे आले होते. मीच आणवले, हे कबूल करते.

सर साखळी गावचे. भजनाला पेटी धरणारे, कमी बोलणारे. पेढा त्यांनी कागदावर ठेवला, खाल्ला नाही. "रिसेप्टर नसलेल्या पेशींत टाकून पाहिलं?" पाहिलं नव्हतं. तीन दिवसांचं काम, आणि मला घाई. "साक्ष एकाच साक्षीदाराची आहे," ते म्हणाले. "दुसरा आण."

रिसेप्टर नसलेल्या पेशींतही तो रेणू तेवढाच उजळला.

जे घडलं होतं ते इतकं उलटं होतं की अजून सांगताना मला हसू येतं. आमचा रेणू रिसेप्टरकडे गेलाच नव्हता. तो काजव्याच्या एन्झाइमलाच जाऊन चिकटला होता, म्हणजे खरं तर ते एन्झाइम बंद पाडत होता. पण एन्झाइम पेशीत फार टिकत नसतं, झरझर मोडीत निघतं. रेणूने मिठी मारल्यामुळे ते मोडलं नाही, साचत गेलं. मग पेशी फोडून आम्ही त्यावर भरपूर इंधन ओतलं तेव्हा इंधनाने रेणूला ढकलून बाजूला केलं आणि साचलेले सगळे काजवे एकदम पेटले. दिवा विझवणाऱ्यानेच दिवाळी केली. हा सापळा जाणकारांना ठाऊक होता, छापूनही आला होता. मी वाचलाही होता, आणि पेढ्यांच्या दिवशी विसरले.

त्यानंतर आम्ही प्रत्येक प्लेटमध्ये दुसरा दिवा ठेवायला लागलो, रेनिला नावाच्या समुद्री जीवाच्या लुसिफरेजचा. त्याचं इंधन वेगळं, खोड वेगळी. काजव्याला फसवणारा रेणू बहुधा त्याला फसवत नाही. एन्झाइमवाल्यांचे सापळे निराळे. त्यांच्याकडे तेलकट रेणू पाण्यात गोळे करून बसतात आणि त्या गोळ्यांना एन्झाइम चिकटून अडकतं, की वाटतं काय जबरदस्त औषध सापडलं. थेंबभर डिटर्जंट घाला, गोळे फुटतात, औषध गायब. खालच्या मजल्यावरच्या एकीचा वर्षभराचा प्रकल्प असा साबणाने धुतला गेला. ती रडली नाही, पण तिने त्या दिवशी चहाच्या मशीनवरून भांडण काढलं नाही.

आणि या सगळ्या साक्षी पार केल्या तरी खरा साक्षीदार, माणसाचं शरीर, उरतोच. पीपार-गामाचंच पहिलं औषध, ट्रॉग्लिटाझोन. १९९७ साली अमेरिकेत दुकानात आलं आणि २००० साली परत घेतलं, कारण काही जणांचं यकृत निकामी झालं. आपल्याकडे २०१३ च्या जूनमध्ये पीपार-गामाच्याच दुसऱ्या औषधावर, पायोग्लिटाझोनवर, बंदी आली आणि जुलैत मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा पाकिटावर छापायच्या अटीवर उठली. तो महिनाभर आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी अहमदाबादेहून सारोग्लिटाझार आलं, पीपारच्या दोन भावांना एकदम जागं करणारं, भारतीय कंपनीने मुळापासून घडवलेलं. आम्ही त्या दिवशी पेढे मागवले नाहीत, पण कोणीतरी समोसे आणले.

मावशीला दुसरी वाट दिली, भट्टी बंद करण्याची. पाळी गेल्यावर बीजकोश निवृत्त होतात, पण चरबी, स्नायू अशा ठिकाणी ॲरोमॅटेज नावाचं एन्झाइम थोडं थोडं इस्ट्रोजेन करतच राहतं. त्या एन्झाइमची आकृती २००९ मध्ये अमेरिकेत देबाशिष घोष यांच्या गटाने मिळवली, आणि एन्झाइम काढलं कशातून, तर बाळंतपणानंतर फेकून द्यायच्या वारेतून. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू आहे. लेट्रोझोलचा नायट्रोजन नेमका त्या लोखंडाला धरतो आणि काम ठप्प. लोखंड धरून बसलेल्यांची आम्हा गोंयकारांना तशी सवय आहे.

भट्टी छान बंद झाली. पण चौथ्या महिन्यात मावशीची बोटं आखडायला लागली. सकाळी मूठ मिटत नाही, दुपारची डुलकी झाली की पुन्हा तेच. इस्ट्रोजेन इतकं खाली गेलं की सांध्यांना ते जाणवतं. या औषधाचं हे नेहमीचंच. पण मावशी म्हार्दोळची. पावसाळ्यात जायांचे दिवस आले की ती दुपारी कळ्या घेऊन बसते आणि केळीच्या वाखाने फाती, म्हणजे गजरे, बांधते, म्हाळसेसाठी एक, शेजारणींसाठी चार. चिमटीत दोन कळ्या, वाखाचा एक वेढा, अंगठ्याने दाब. तो अंगठाच दाबत नव्हता. "बोटांत गंज चढलाय गे," ती म्हणाली, आणि लोखंडाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

बांबोळीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तीन आठवडे गोळी थांबवली आणि मग त्याच भट्टीचं दुसरं कुलूप दिलं, एक्झेमेस्टेन. रोज कसं वाटतं ते लिहून आणायला सांगितलं. मावशी लिहायची "बरं", "बरं नाही", "आज पाऊस". मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, रोज एक फाती बांध आणि मोबाइलवर वेळ लाव. किती मिनिटं लागली तेवढं लिही." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून पेढ्यांचीच आहे. पण लिहिलं.

परवा डबा भरायला गेले तेव्हा वही सोप्यावरच उघडी होती. शाळकरी, चौकटींची, अक्षर वळणदार.

"सोमवार. ३४ मिनिटं. अंगठा दुखला."

"मंगळवार. ३१. तसंच."

"बुधवार. बांधली नाही. जातरेला गेले."

"शुक्रवार. २२ मिनिटं. बरं वाटलं. पण आज कळ्या मोठ्या होत्या, कमी लागल्या."

मी वही घेऊन आत गेले. ती चुलीपाशी हुमणाला फोडणी देत होती. "हे मोठ्या कळ्यांचं तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?" ती म्हणाली. "आता सोमवारपासून मोजून घेते. साठ."